नामधर्म आणि सहजता : चिनी ताओविचाराचे मध्ययुगीन पुनरुज्जीवन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली संस्कृत शिकण्याचे भाग्य मला लाभले. ‘तर्कसंग्रह’ शिकविताना अभावाचे चार प्रकार ते फळ्यावर लिहीत : प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. मग खडू खाली ठेवून ते विचारीत, “जे नाही त्याचे चार प्रकार झाले, आता जे आहे ते कशामुळे आहे, सांगा पाहू.” वर्गात अर्थातच शांतता पसरे. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कधी सांगितले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी चिनी तत्त्वज्ञानाची भाषांतरे वाचताना मला दिसले, की हाच प्रश्न इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात एका तरुणाने आपल्या समाजापुढे मांडला होता आणि त्यातून एका जुन्या विचाराला नवा जन्म मिळाला होता. आजच्या विषयाची निवड त्या स्मरणातून झाली आहे. मी चिनी भाषेचा पंडित नव्हे, शब्दांचा अभ्यासक आहे. म्हणून ह्या विचाराकडे मी मुख्यतः शब्दांच्या वाटेने जाणार आहे.

नावांचे राज्य आणि त्याची पडझड

चीनवर इ.स.पू. २०६ पासून इ.स. २२० पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, हान घराण्याचे राज्य होते. सम्राट वू ह्याच्या काळात कन्फ्यूशियसच्या विचाराला राजमान्यता मिळाली आणि इ.स.पू. १२४ मध्ये त्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी राजकीय विद्यापीठ सुरू झाले. ह्या व्यवस्थेचा पाया ‘मिंग-च्याओ’ हा होता. ‘मिंग’ म्हणजे नाव, ‘च्याओ’ म्हणजे शिकवण. पिता, पुत्र, राजा, मंत्री ही केवळ नावे नव्हेत. प्रत्येक नावात एक कर्तव्य आहे आणि ज्याने त्याने आपल्या नावाला जागावे म्हणजे समाज सुरळीत चालतो, असा हा विचार. त्याला आपण ‘नामधर्म’ म्हणू.

विचार उदात्त होता. पण त्याला सरकारी नोकरी चिकटली. मातृपितृभक्ती आणि निःस्पृहता ह्यांविषयी ज्याचा लौकिक असेल, त्याची शिफारस अधिकारपदासाठी होऊ लागली. लौकिकाला भाव आला, की लौकिकाचा बाजार भरतो. हान इतिहासात जाओ श्वान नावाच्या एका गृहस्थाची कथा नोंदलेली आहे. आईवडिलांच्या थडग्याच्या भुयारी वाटेत राहून त्याने वीस वर्षांहून अधिक काळ सुतक पाळले. त्याच्या भक्तीचा डंका सर्वत्र वाजला. चेन फान नावाचा अधिकारी भेटीस गेला आणि त्याने सहज मुलाबाळांची चौकशी केली, तेव्हा ह्या गृहस्थाची पाचही मुले सुतकाच्याच काळात जन्मली असल्याचे उघड झाले. सुतकात संसारसुख वर्ज्य होते. चेन फानने त्याला शिक्षा केली. नाव एक आणि वस्तू दुसरी, ही त्या युगाची दुखणी ह्या एका गोष्टीत दिसून येतात.

इ.स. १८४ मध्ये ‘पिवळ्या फेट्यां’चे बंड उसळले, सरदार शिरजोर झाले आणि २२० मध्ये हान घराणे संपले. वेई, शू आणि वू अशी तीन राज्ये उभी राहिली. ज्या नामधर्माने चारशे वर्षे राज्य धरून ठेवले म्हणावे, तो कोसळताना काहीच धरू शकला नाही. नावांच्या मुळाशी काय आहे, हा प्रश्न आता चर्चेचा राहिला नाही. तो जगण्याचा प्रश्न झाला.

तेविसाव्या वर्षी मेलेला भाष्यकार

उत्तरेकडील वेई राज्यात इ.स. २४० ते २४९ हा ‘झंग-शी’ नावाचा कालखंड येतो. राजधानी लोयांग येथे हे येन नावाच्या दरबारी विद्वानाभोवती बुद्धिमंतांचा मेळा जमे. त्याच मेळ्यात वांग बी हा विलक्षण तरुण होता. जन्म इ.स. २२६, मृत्यू २४९. तेवीस वर्षांच्या आयुष्यात त्याने लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’ ह्या ग्रंथावर आणि ‘ई-चिंग’ ह्या प्राचीन शकुनग्रंथावर भाष्ये लिहिली. १९७३ मध्ये मावांगद्वी येथील थडग्यात ‘ताओ ते चिंग’च्या रेशमावर लिहिलेल्या प्रती सापडल्या; त्यांत ग्रंथाचे दोन भाग उलट क्रमाने आहेत. १९९३ मध्ये ग्वोद्यान येथे त्याहूनही जुन्या बांबूच्या पट्ट्या मिळाल्या. तरीही जग जो लाओत्से वाचीत आले, तो मुख्यतः वांग बीच्या भाष्यासोबत टिकलेला पाठ होय.

येथे एक गोष्ट मराठी श्रोत्यांना वेगळी सांगावी लागत नाही. टीका म्हणजे पोटभाग, आणि मूळ ग्रंथ म्हणजे खरा विचार, असे आपण मानीत नाही. ‘भावार्थदीपिके’च्या वाचकाला टीकाही स्वतंत्र दर्शन असू शकते हे ठाऊक असते. चीनमध्येही तसेच घडले. ‘ताओ ते चिंग’, ‘च्वांग-त्से’ आणि ‘ई-चिंग’ ह्या तीन ग्रंथांना ‘तीन गूढे’ हे नाव पडले आणि त्यांवरील विचाराला ‘श्वान-श्वे’ म्हणू लागले. ‘श्वान’ म्हणजे काळसर, गडद, जिचा तळ दिसत नाही अशी खोली. ‘श्वे’ म्हणजे विद्या. ‘गहनविद्या’ हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. ‘नवताओवाद’ हे नाव अर्वाचीन आहे. फंग यू-लान ह्यांच्या १९४८ च्या इंग्रजी इतिहासग्रंथामुळे ते पुष्कळांच्या परिचयाचे झाले.

वांग बीने केले काय? हानकालीन पंडितांनी ‘ई-चिंग’मधून ऋतू, दिशा, ग्रह, रंग, स्वर ह्यांची प्रचंड कोष्टके बांधली होती. शकुन पाहताना पन्नास काड्या घेत आणि त्यांपैकी एक बाजूला ठेवून एकोणपन्नासच मोजीत. त्या पन्नास आकड्यात कोणकोणते ग्रहतारे दडले आहेत, ह्यावर पोथ्या भरल्या होत्या. वांग बीने ती सर्व कोष्टके दूर सारली आणि बाजूला ठेवलेल्या त्या एका काडीकडे बोट दाखविले. ती मोजली जात नाही, म्हणून ती संख्या नव्हे. पण ती बाजूला आहे म्हणूनच बाकीच्या मोजता येतात. जे स्वतः व्यवहारात येत नाही, त्याच्यामुळे सर्व व्यवहार चालतो.

त्यालाच तो ‘वू’ म्हणतो. ह्या शब्दाचा साधा अर्थ ‘नाही’, आणि त्याच्या उलट ‘यौ’ म्हणजे ‘आहे’. येथे भाषांतरकाराची कसोटी लागते. ‘वू’ला ‘अभाव’ म्हणावे काय? गुरुजींचे चारही अभाव लावून पाहावेत. घट होण्यापूर्वीचा अभाव हा नव्हे, कारण तो घट होताच संपतो. घट फुटल्यानंतरचा नव्हे, कारण त्याला आधी घट लागतो. वाऱ्याला रूप नसते तसा कायमचा अभावही नव्हे, आणि घट म्हणजे पट नव्हे अशा अर्थाचा तर नव्हेच. हे चारही अभाव कोणत्या ना कोणत्या वस्तूचे असतात. वांग बीचा ‘वू’ कशाचा अभाव नाही; तो कोणतीही एक वस्तू नसणे आहे. त्याचा युक्तिवाद असा, की जे ऊन आहे ते गार होऊ शकत नाही, आणि जो एक स्वर आहे तो दुसरा स्वर होऊ शकत नाही. म्हणून जे सर्व वस्तूंचे मूळ आहे, त्याला स्वतःचा असा कोणताच आकार, रंग वा स्वर असता कामा नये. आपल्या परिभाषेत ‘निर्विशेष’ हा शब्द त्याच्या अधिक निकट जातो. मात्र तो वापरताना त्यामागून वेदान्त आत शिरणार नाही, ह्याची काळजी घ्यावी लागते.

आता नामधर्माशी ह्याचा संबंध पाहा. नावे खोटी आहेत, ती टाका, असे वांग बी म्हणत नाही. तो म्हणतो, की नावे फांद्या आहेत. फांद्यांना पाणी घालून झाड वाढत नाही. ज्याने करुणेचा गाजावाजा केला त्याची करुणा नाटकी होते. मुळाशी जे बिननावाचे, आपसूक असे काही आहे, त्याला धरून राहिले तर करुणा, न्याय, भक्ती आपोआप उमटतात. ह्या आपसूकपणाला चिनी भाषेत ‘त्झ-रान’ म्हणतात. शब्दशः ‘आपल्या आपण तसे’. मी त्याला ‘सहजता’ म्हणतो.

म्हणून हे लोक कन्फ्यूशियसचे शत्रू नव्हते. हे येनने तर ‘कन्फ्यूशियसच्या संवादां’वरील भाष्यांचे संकलन सिद्ध केले. वांग बीला एका ज्येष्ठाने विचारले, की ‘वू’ जर सर्वांचे मूळ, तर कन्फ्यूशियस त्याविषयी गप्प का आणि लाओत्से सदैव तेच का बोलतो? त्याच्या उत्तराचा आशय असा होता : कन्फ्यूशियस त्या मूळाशी एकरूप होता आणि ते शिकविता येत नाही हे जाणून होता, म्हणून तो जगातल्या गोष्टींविषयी बोलला, लाओत्सेची ‘यौ’मधून पुरती सुटका झाली नव्हती, म्हणून आपल्यात जे उणे होते त्याविषयी तो बोलत राहिला. लाओत्सेचा सर्वांत मोठा भाष्यकार श्रेष्ठत्वाचा मान कन्फ्यूशियसला देतो, ही ह्या पुनरुज्जीवनाची गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तसेच, ज्ञानी पुरुषाला भावना नसतात असे हे येन म्हणे. वांग बीने ते मानले नाही. ज्ञान्यालाही हर्ष-शोक इतरांसारखेच होतात. तो त्यांत गुंतून पडत नाही, एवढाच भेद. मला हे तेवीस वर्षांच्या मुलाचे सर्वांत परिपक्व वाक्य वाटते.

इ.स. २४९ मध्ये सेनानी सीमा यी ह्याने राजप्रतिनिधी त्साओ श्वांग ह्याची सत्ता उलथून टाकली. हे येनचा वध झाला. त्याच वर्षी वांग बी आजाराने वारला. गहनविद्येचे पहिले पर्व असे एका वर्षात मिटले.

वेळूचे बन

ह्यानंतर सीमा घराणे गळ्याभोवतीच्या दोरासारखे वेई राज्याभोवती आवळत गेले आणि २६५-६६ मध्ये त्याने जिन हे आपले राजघराणे स्थापिले. ह्याच काळाशी ‘वेळूच्या बनातील सात सज्जन’ ही प्रसिद्ध मंडळी जोडली जाते. त्यांतील जी कांग, रुआन जी आणि शान ताओ ही तीन नावे आपल्याला पुरेत. १९६० मध्ये नान्जिंगजवळच्या एका थडग्यात ह्या सातांची विटांवर कोरलेली चित्रे मिळाली. पुढील पिढ्यांच्या मनांत त्यांनी केवढे घर केले होते, ते त्यावरून कळते.

राज्य बळकावणाऱ्यांना राजनिष्ठेचा उपदेश करणे अवघड जाते. म्हणून सीमांनी मातृपितृभक्तीचा झेंडा उभारला, आणि विरोधकाला ‘भक्तिहीन’ ठरवून मारणे सोपे झाले. रुआन जीची आई वारली, तेव्हा त्याने सुतकाचे नियम मोडून मद्य घेतले, मांस खाल्ले. आणि मग रक्त ओकून तो कोसळला. जाओ श्वानने नियम पाळून शोक सोडला होता. रुआन जीने नियम सोडून शोक पाळला. सीमांकडून विवाहसंबंधाची मागणी आली, तेव्हा तो साठ दिवस मद्याच्या धुंदीत राहिला, म्हणजे विषय काढणेच कोणाला शक्य होऊ नये. तरीही शेवटी सीमा झाओच्या पदवृद्धीसाठी विनंतीपत्र लिहिण्याची पाळी त्याच्यावर आलीच.

जी कांग अधिक सरळ होता. नामधर्म ओलांडून सहजतेला अनुसरावे, असे त्याने उघड लिहिले. तो वाद्यकुशल होता. ध्वनीत स्वतःचा शोक वा हर्ष नसतो, तो ऐकणाऱ्याच्या मनात असतो, असे प्रतिपादणारा त्याचा निबंध आजही अभ्यासला जातो. मित्र शान ताओ ह्याने आपल्या जागी सरकारी पदासाठी त्याचे नाव सुचविले, तेव्हा त्याने मैत्री तोडल्याचे जाहीर पत्र लिहिले. पुढे एका मित्रावर त्याच्याच भावाने भक्तिहीनतेचा खोटा आरोप केला. जी कांग त्याच्या बाजूने उभा राहिला आणि इ.स. २६२ च्या सुमारास स्वतःच मृत्युदंडास पात्र ठरला. विद्यापीठातील तीन हजार विद्यार्थ्यांनी त्याला आपला गुरू म्हणून मागितले. ते नाकारले गेले. वधापूर्वी सावलीकडे पाहून त्याने वेळ किती उरला ते अजमावले, वीणेसारखे आपले ‘छिन’ वाद्य मागवून घेतले आणि एक रचना वाजविली.

लू शुन ह्या थोर चिनी लेखकाने १९२७ मध्ये क्वांगचौ येथे दिलेल्या व्याख्यानात ह्या मंडळींविषयी मार्मिक मत मांडले. नामधर्म मोडल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला, त्यांचीच त्यावर खरी श्रद्धा होती. त्याचा सत्तेसाठी झालेला वापर त्यांना सहन झाला नाही, म्हणून ते चिडून उलट वागले. हे मत पटते. कारण जी कांगने मरताना आपला दहा वर्षांचा मुलगा जी शाओ कोणाच्या स्वाधीन केला? ज्याच्याशी मैत्री तोडली होती, त्या शान ताओच्याच. तो आहे तोवर तू पोरका नाहीस, असे त्याने मुलाला सांगितले. तोडली होती ती नावाची मैत्री होती. मूळ शाबूत होते.

बैलाची वेसण

जिन काळात वाऱ्याची दिशा पालटली. पेई वेई (२६७–३००) ह्याने ‘यौ’ची बाजू घेतली : ‘नाही’तून ‘आहे’ कसे निघेल, आणि सर्वच जण निराकाराच्या गप्पा मारू लागले तर राज्यकारभार कोण करील? त्याच्यानंतरचा सर्वांत मोठा तत्त्वज्ञ म्हणजे ‘च्वांग-त्से’चा भाष्यकार ग्वो श्यांग (मृत्यू ३१२). त्याने श्यांग श्यूचे भाष्य चोरले, असा जुना आक्षेप आहे. त्याच्या भाष्यात श्यांग श्यूचा वाटा मोठा आहे, हे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

ग्वो श्यांगने वांग बीचा ‘वू’च काढून टाकला. ‘नाही’ ते नाहीच. त्याच्यापासून काही होत नाही. मग वस्तूंना कोणी घडविले? कोणीही नाही. प्रत्येक वस्तू आपल्या आपण, एकटी, घडते आणि पालटते. कर्ता नाही, मूळ नाही, आहे ती केवळ सहजता. येथवर हा विचार थक्क करणारा आहे. परंतु पुढचे पाऊल पाहा. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. आपल्या वाट्यात समाधानी असणारा चिमुकला पक्षी आणि आकाश झाकणारा महापक्षी सारखेच मुक्त. ‘च्वांग-त्से’मध्ये म्हटले आहे, की बैलाला चार पाय हे निसर्गाचे आणि त्याच्या नाकात वेसण हे माणसाचे. ग्वो श्यांग म्हणतो, की बैल वेसण नाकारीत नाही. तेव्हा तीही त्याच्या सहजतेतच आली. ज्या सहजतेच्या नावाने जी कांगने प्राण दिले, तिच्याच नावाने आता वेसणीचे समर्थन झाले! ज्ञानी माणूस दरबारात असूनही मनाने पर्वतवनात असतो, ही त्याची शिकवण सरदारांना फार सोयीची वाटली.

ह्याला उत्तर मिळाले ते एका बौद्ध भिक्षूकडून. झी दुन (३१४–३६६) ह्याने विचारले, की आपल्या स्वभावाप्रमाणे वागणे म्हणजेच मुक्ती असेल, तर क्रूरता हाच ज्यांचा स्वभाव ते जुलमी राजे आणि दरोडेखोरही मुक्त म्हणावे काय? ह्या एका प्रश्नाने विचाराची वाट वळली. पुढे इ.स. ४०१ मध्ये कुमारजीव चांगआनला आला. त्याचा पिता भारतीय, माता कूचाच्या राजकुळातील. त्याने नागार्जुनाचा माध्यमिक विचार चिनी भाषेत आणला. त्याचा शिष्य संग-जाओ (मृत्यू ४१४) तरुणपणी लाओत्से व च्वांग-त्से वाचूनही अतृप्त राहिला होता. ‘शून्यता’ म्हणजे ‘वू’ नव्हे, ‘आहे’ आणि ‘नाही’ ह्या दोन्ही टोकांपासून ती दूर आहे, हे त्याने स्पष्ट केले. भारतीय विचाराला चीनमध्ये जी भाषा तयार मिळाली, ती पुष्कळ अंशी गहनविद्येने घडविली होती. आणि गहनविद्येचे प्रश्न पुढे नेले ते ह्या पाहुण्या विचाराने.

निकाल कोणी द्यावा?

इ.स. ३११ मध्ये लोयांग पडले. निराकारावरील संभाषणासाठी विख्यात असलेला मंत्री वांग येन शत्रूच्या हाती सापडला आणि भिंत अंगावर ढकलून मारला गेला. दरबार ३१७ मध्ये दक्षिणेस, आजच्या नान्जिंग येथे गेला. तेव्हापासून एक आरोप चालत आला आहे : पोकळ बोलण्याने राज्य बुडाले. चौथ्या शतकात फान निंगने वांग बी आणि हे येन ह्यांचे पाप प्राचीन जुलमी राजांहूनही मोठे ठरविले. सतराव्या शतकात गू येनवू ह्याने अधिक खोल जाऊन राज्य बुडणे आणि माणुसकी बुडणे ह्यांत भेद केला. राजघराणी बदलतात, पण माणसाला माणूस म्हणून जोडणारे बंध तुटले की सर्वस्व बुडते. उदाहरण म्हणून त्याने जी कांगच्या मुलाचेच नाव घेतले. जी शाओने शान ताओच्या सल्ल्याने, ज्यांनी बापाला मारले त्यांच्याच राज्यात नोकरी धरली. आणि ३०४ मध्ये रणांगणावर, सर्वजण पळाले असता, बादशहाला अंगाने झाकून तो मेला. राजघराण्याने त्याला निष्ठेचा आदर्श म्हटले. गू येनवूला त्यात पित्याचे विस्मरण दिसले.

मला हा निकाल सोपा वाटत नाही. राज्य बुडाले ते राजपुत्रांच्या आपसांतील युद्धांनी; त्याचे खापर वीस-बावीस वर्षांच्या भाष्यकारावर फोडणे न्याय्य नव्हे. पण ग्वो श्यांगची वेसण पाहिली, म्हणजे आरोप अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. ‘सहजता’ हा शब्दही शेवटी एक नावच आहे. नावांमागची वस्तू दाखविण्यासाठी तो आला, आणि एका पिढीत त्याच्यामागचीही वस्तू निसटली. मासा हाती आला की जाळे विसरावे, ही ‘च्वांग-त्से’तील उपमा वांग बीला प्रिय होती. त्याने सांगितले नाही ते इतकेच, की पुढच्या पिढीला वारशात बहुधा जाळेच मिळते. मासा ज्याचा त्याने पुन्हा धरावा लागतो.

शाळा नावे शिकविते. तिला दुसरे साधन नाही. गुरुजी चार अभाव पाठ करून घेत आणि मग खडू खाली ठेवून प्रश्न विचारीत. पाठांतर आणि तो प्रश्न ह्यांच्या मधली ती शांतता हीच त्यांची खरी शिकवणी होती, असे आता वाटते. त्यांनी उत्तर का सांगितले नाही, हेही आता थोडेसे कळते.